रिपोर्ट नॉर्मल, मग मुलीला झाले तरी काय?

घरातली हसती-बोलती मुलगी एकाएकी बदलते. रात्र रात्र झोपत नाही, घरच्यांवरच संशय घेते, मध्येच हसते, मध्येच रडते. मग एके दिवशी हातपाय ताठ होतात, आकडी येते आणि घरात रडारड सुरू होते. दादी म्हणते नजर लागली. खाला म्हणते, मगरिबच्या वेळी केस मोकळे सोडून गच्चीवर गेली होती, असर झाला असणार. मामू कुठल्याशा आमिलचा पत्ता घेऊन येतात. शेजारीण सांगते, निकाह लावून द्या, आपोआप ठीक होईल. दवाखान्यात नेले तर रक्त तपासतात, सीटी स्कॅन होतो, एमआरआय होतो, हजारो रुपये जातात आणि शेवटी उत्तर मिळते : "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. टेन्शन घेते, बाकी काही नाही."

आपल्या मोहल्ल्यात हे चित्र नवे नाही. आज आम्ही वाचकांपुढे एक हकिकत ठेवतो आहोत, ती मात्र थेट न्यूयॉर्कची आहे. तिथे तर मोठमोठी रुग्णालये आहेत, यंत्रे आहेत. तरीही तिथल्या एका मुलीवर हीच वेळ आली होती.

सुझाना कॅहलन २००९ साली २४ वर्षांची होती. 'न्यूयॉर्क पोस्ट' या वर्तमानपत्रात ती बातमीदार होती. सुरुवात अगदी किरकोळ झाली. आपल्याला ढेकूण चावले असे तिला वाटू लागले. मग डावा हात बधिर झाला, मुंग्या येऊ लागल्या. झोप उडाली, मनात नाही नाही ते संशय येऊ लागले आणि एका रात्री तिला आकडी आली. एका डॉक्टरांनी सांगितले की दारू आणि जागरण यांचा हा परिणाम आहे. दुसऱ्यांनी मनोविकाराचे नाव घेतले. रुग्णालयात भरती झाल्यावर एकामागून एक तपासण्या झाल्या आणि बहुतेक सगळ्या नॉर्मल आल्या. फक्त पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या. दरम्यान मुलगी दिवसेंदिवस खचत होती, तिचे बोलणे अडखळू लागले होते. तिला मनोरुग्णांच्या वॉर्डात हलवावे अशीही चर्चा होती, पण आईवडील अडून बसले. आमची मुलगी अशी नव्हती, हे त्यांचे एकच म्हणणे होते.

अशा वेळी डॉ. सुहेल नज्जार यांना बोलावण्यात आले. हे मूळचे सीरियाचे. त्यांनी आईवडिलांना सगळे पहिल्यापासून सांगायला लावले : आधी काय झाले, मग काय, कोणत्या हाताला, किती दिवसांनी. मग सुझानाच्या हातात कागद आणि पेन देऊन म्हणाले, घड्याळ काढ. तिने वर्तुळ काढले आणि एक ते बारा हे सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले. डावी बाजू कोरी राहिली.

लाखो रुपयांच्या यंत्रांना जे दिसले नव्हते ते त्या कागदावर दिसले. डाव्या बाजूचे जग तिच्या लेखी नव्हतेच. डावी बाजू मेंदूचा उजवा भाग सांभाळतो, म्हणजे सूज तिकडे होती. बधिर झालेला हातही डावाच होता, हे आईवडिलांच्या सांगण्यातून आधीच आले होते. डॉक्टरांनी आईवडिलांना साध्या शब्दांत सांगितले की तुमच्या मुलीच्या मेंदूला आग लागली आहे. पुढे मेंदूचा छोटा तुकडा तपासला गेला, तेव्हा सूज पक्की झाली. रक्त आणि मणक्यातले पाणी डॉ. जोसेप डालमाऊ यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि आजाराचे नाव मिळाले : अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस.

नाव भयंकर आहे, गोष्ट समजायला तितकी अवघड नाही. शरीरात रोगांशी लढणारी फौज असते. कधी कधी ही फौज चुकून आपल्याच घरावर हल्ला करते. इथे ती मेंदूच्या पेशींवरच्या अशा जागांवर हल्ला करते, जिथे स्मरण, विचार आणि भान यांचे निरोप घेतले जातात. म्हणून आधी वागणे बदलते, मग आकडी येते, तोंडाच्या आणि हातांच्या विचित्र हालचाली होतात. पाहणाऱ्याला वाटावे की हिच्या अंगात दुसरेच कोणी शिरले आहे. डालमाऊ यांनी या आजाराची उकल २००७ साली केली. म्हणजे सुझाना आजारी पडली तेव्हा तो जेमतेम २ वर्षांचा शोध होता. तिने पुढे लिहिलेल्या पुस्तकाप्रमाणे जगात हे निदान झालेली ती २१७वी रुग्ण. स्टिरॉइड, प्रतिपिंडांची इंजेक्शने, रक्तातला प्लाझ्मा बदलणे असे उपचार झाले आणि काही महिन्यांत ती कामावर परतली. तिच्या आधी अशा किती मुली वेड्यांच्या इस्पितळात किंवा दर्ग्याच्या खांबाला बांधलेल्या अवस्थेत संपल्या असतील, ते अल्लाहलाच ठाऊक.

रुग्णाजवळ बसून ऐकणे हा आपल्या जुन्या हकिमांचाही वारसा आहे, हे इथे सांगावेसे वाटते. बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुख राहिलेले अबू बक्र अल-राझी रुग्णांच्या हकिकती टिपून ठेवत. त्यांच्या मृत्यूनंतर अशा टिपणांतूनच 'अल-हावी' हा प्रचंड ग्रंथ तयार झाला. देवी आणि गोवर यांतला फरक त्यांनी असाच बारकाईने पाहून मांडला. तेव्हा कुठे होता एमआरआय?

आता आपल्या घरांकडे वळू. हा आजार दुर्मीळ आहे आणि अशा प्रत्येक मुलीला तोच असतो असे मुळीच नाही. मिरगी असू शकते, मेंदूचा टीबी असू शकतो, थायरॉइड असू शकतो, मनाचा आजार असू शकतो. मनाचा आजार हाही आजारच आहे, ढोंग नव्हे. पण उपचार लवकर मिळाला तर फार फरक पडतो. या आजाराच्या ५७७ रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात २ वर्षांनंतर सुमारे ८० टक्के रुग्ण चांगले सावरलेले दिसले. दुआ जरूर करावी, दम केलेले पाणीही द्यावे, त्याला कोण नाही म्हणतो? मात्र आमिलकडे घालवलेले ३ महिने डॉक्टरला परत आणता येत नाहीत.

डॉक्टरला लक्ष द्यायला लावणे काही अंशी आपल्याही हातात असते. ओपीडीत आम्ही नेहमी पाहतो : मुलगी स्टुलावर बसलेली असते, डॉक्टर तिला विचारतात आणि उत्तर शौहर, सासरे किंवा भाऊ देतात. "हिला चक्कर येते." बस्स. चक्कर म्हणजे काय? घर फिरते, डोळ्यांपुढे अंधारी येते की तोल जातो? हे तिलाच माहीत असते आणि तिला तोंड उघडू दिले जात नाही. तिला बोलू द्या. तिला जे आठवत नाही ते अम्मीने सांगावे, कारण रात्री उशाशी तीच बसलेली असते. आजार कधी सुरू झाला, आधी ताप होता का, कोणती बाजू बधिर, कोणती गोळी सुरू आहे, हे तारखेसह वहीत लिहून न्यावे. तावीजचा धागा लपवत नाही, मग आकडीची गोष्ट रिश्त्याच्या भीतीने का लपवावी?

दोन गैरसमजही दूर व्हायला हवेत. मणक्यातले पाणी काढले की माणूस लुळा होतो, असे म्हणून कित्येक घरे कागदावर सही करत नाहीत. ते पाणी शरीर पुन्हा तयार करते. काहींना दोन-चार दिवस डोके दुखते, इतकेच. दुसरे म्हणजे, कुंवार मुलीच्या पोटाची सोनोग्राफी सांगितली की कुजबुज सुरू होते. या आजारात काही तरुण मुलींच्या अंडाशयात गाठ सापडते आणि ती काढल्यावर मेंदू सुधारू लागतो. म्हणून ती तपासणी असते.

"रिपोर्ट नॉर्मल" ऐकून उठू नका. नम्रपणे विचारा : मग हिला जे होते ते कशामुळे? पुढे कोणाला दाखवायचे? उत्तर मिळाले नाही तर मोठ्या सरकारी रुग्णालयाचा न्यूरॉलॉजी विभाग गाठा. मुंबईच्या केईएमसारख्या ठिकाणी रांग लांब असते, पण तिथल्या डॉक्टरांनी असे रुग्ण पाहिलेले असतात.

आणि आकडी आली की कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. ५ मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालयात न्या. शक्य असेल तर बहिणीने किंवा अम्मीने मोबाइलवर चित्रण करावे, चेहरा, डोळे आणि दोन्ही हात दिसतील असे. परदानशीन मुलीचे चित्रण कसे करायचे, असे विचारणारे भेटतात. ते फक्त डॉक्टरला दाखवायचे आणि दाखवून झाले की पुसून टाकायचे.