अपुऱ्या दिवसांचें मूल आणि खुब्याचा सांधा
सदतिसाव्या आठवड्यापूर्वीं जन्मलेल्या बालकाच्या खुब्यांत दोष निघाला कीं घरचीं माणसें तो अपुऱ्या दिवसांवर ढकलतात. खरें कारण बहुधा निराळें असतें. मांडीच्या हाडाचा गोळा उखळींतून निसटण्याचें भय पायाळू मुलांत, त्यांतही मुलींत, अधिक. आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलांत पायाळू अधिक. हा दोष तान्हेपणीं दुखत नाहीं, म्हणून लपतो; मूल चालूं लागलें कीं लंगडतें. मग बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. पहिल्या कांहीं महिन्यांत कळला तर पाय फांकलेले ठेवणारा पट्टा बहुधा पुरतो. १९३७ सालीं इटलींत ऑर्तोलानी यांनीं, मांड्या फांकवितांना गोळा उखळींत परतल्याचा लहानसा धक्का हातानें ओळखण्याची रीत वर्णिली. तान्ह्याचे पाय सरळ ताणून दुपट्यांत आवळणें मात्र घातक. मान धरल्यावर आजीनें कडेवर घेतलेलें शतपट बरें!