स्मृतिभ्रंश आणि प्रजननसंबंधी हॉर्मोने

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्या समाजात इतकी रुळलेली आहे की, घरातील वृद्ध माणसाला विसर पडू लागला म्हणजे त्याची कोणी फारशी चौकशी करीत नाही. चष्मा कोठे ठेवला ते न आठवणे किंवा एखाद्याचे नाव चटकन ओठांवर न येणे, हे वयोमानाप्रमाणे होतच असते. परंतु पायाखालची वाट चुकणे, साध्या बाजारहाटाचा हिशेब न जमणे, पोटच्या मुलाला न ओळखणे ही वार्धक्याची सहज लक्षणे नव्हेत. ती मेंदूच्या विकाराची लक्षणे होत. या लक्षणसमूहास स्मृतिभ्रंश असे म्हणतात. त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा रोग. आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्यांनी १९०६ साली ट्युबिंगेन येथील सभेत या रोगाचे पहिले वर्णन सादर केले. त्यांनी अभ्यासलेली रुग्ण एक स्त्री होती आणि तिचा विकार पन्नाशीच्या सुमारासच उघड झाला होता.

भारतातील वृद्धांच्या पाहणीवर आधारलेला एक अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार ६० वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के असून रुग्णसंख्या ८८ लाखांच्या घरात आहे. पुरुषांत हे प्रमाण ५.८ टक्के, तर स्त्रियांत ९ टक्के आढळले. स्त्रिया अधिक वर्षे जगतात हे या तफावतीचे एक कारण होय. पूर्वीच्या पिढीतील स्त्रियांना शाळेची पायरी चढता आली नाही, हे दुसरे. तिसऱ्या एका कारणाचा शोध शास्त्रज्ञ गेली तीन-चार दशके घेत आहेत. ते म्हणजे प्रजननसंस्थेची हॉर्मोने आणि रजोनिवृत्तीच्या वेळी त्यांत होणारा बदल.

हॉर्मोनांचा कारभार

बीजांडकोशातून ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन आणि वृषणातून टेस्टोस्टेरॉन ही हॉर्मोने रक्तात मिसळतात. त्यांचे नियंत्रण मात्र मेंदूतून होते. मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस हा भाग पोष ग्रंथीला संदेश पाठवितो. पोष ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हॉर्मोने सोडते आणि त्यांच्या प्रेरणेने बीजांडकोश व वृषण कार्य करू लागतात. रक्तातील ईस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन पुरेसे वाढले म्हणजे अधोथॅलॅमस व पोष ग्रंथी आपला जोर कमी करतात. शेत भिजले की पाटकऱ्याने पाटाचे दार लावावे, तसाच हा प्रकार होय. रजोनिवृत्तीनंतर बीजांडकोश थकतात व ईस्ट्रोजेन फारच कमी होते. शेत कोरडेच राहिल्यामुळे दार सताड उघडे राहावे, त्याप्रमाणे एलएच व एफएसएच यांचे रक्तातील प्रमाण पूर्वीच्या अनेक पटींनी वाढते आणि पुढे दीर्घकाळ वाढलेलेच राहते. पुरुषांत असा एकाएकी बदल होत नाही. टेस्टोस्टेरॉन वर्षानुवर्षे हळूहळू घटत जाते.

ही हॉर्मोने केवळ संततीसाठीच असतात, असा पूर्वी समज होता. तो आता मागे पडला आहे. स्मरणशक्तीचे मुख्य केंद्र असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात ईस्ट्रोजेन ओळखणारे ग्राहक रेणू आढळतात. अमेरिकेतील ब्रूस मॅक्यूएन, कॅथरीन वूली व त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या सुमारास मादी उंदरांवर प्रयोग केले. या भागातील मज्जापेशींना असलेले सूक्ष्म कंटक, ज्यांच्यामार्फत पेशी एकमेकींशी जोडलेल्या असतात, ते ऋतुचक्रातील ईस्ट्रोजेनच्या चढउताराबरोबर वाढतात व घटतात, असे त्यांना आढळले. मेंदूला मिळणारा रक्तपुरवठा आणि शर्करेचा वापर यांनाही ईस्ट्रोजेनचे साहाय्य होते. पुरुषांच्या मेंदूतही टेस्टोस्टेरॉनच्या काही अंशाचे ईस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होत असते.

अपेक्षा आणि अनुभव

एवढे ज्ञात झाल्यावर एक सरळ उपाय सुचणे स्वाभाविक होते. ईस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे स्मृती ढळत असेल, तर ते बाहेरून द्यावे. हॉर्मोन घेणाऱ्या स्त्रियांत स्मृतिभ्रंश कमी आढळतो, असे काही पाहण्यांतून दिसतही होते. पण अशा स्त्रिया बहुधा सुशिक्षित, सुस्थितीतील व प्रकृतीची काळजी घेणाऱ्या असत. म्हणून लाभ औषधाचा की राहणीमानाचा, हे त्या पाहण्यांवरून ठरविणे शक्य नव्हते.

त्यासाठी अमेरिकेत मोठी चाचणी घेण्यात आली. ६५ वर्षे व त्यापुढील ४,५३२ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटास ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम हॉर्मोन यांची संयुक्त गोळी आणि दुसऱ्यास तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. २००३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अपेक्षेच्या नेमके उलट होते. हॉर्मोन घेणाऱ्या गटात स्मृतिभ्रंशाचे ४० रुग्ण आढळले, तर दुसऱ्या गटात २१. धोका घटण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाला होता.

यातून संशोधनास नवी दिशा मिळाली. वयाची पासष्टी उलटल्यावर, रक्तवाहिन्या व मज्जापेशी आधीच जीर्ण झालेल्या असताना हॉर्मोन देणे आणि रजोनिवृत्तीच्या सुमारासच ते देणे, या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात, असा विचार पुढे आला. तथापि नुकतीच रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांवरील पुढील चाचण्यांत हॉर्मोनांमुळे स्मृतीचा लाभही दिसला नाही आणि हानीही दिसली नाही. म्हणून अंगाची आग होणे, रात्री घाम सुटणे अशा तीव्र त्रासासाठी वैद्यकीय सल्ल्याने हॉर्मोने घेण्यास प्रत्यवाय नाही. पण केवळ स्मृती टिकावी म्हणून ती घेणे सध्याच्या ज्ञानानुसार योग्य नव्हे. पुरुषांबाबतही हाच अनुभव आला. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या व विस्मरणाची तक्रार करणाऱ्या ६५ वर्षांपुढील पुरुषांना वर्षभर ते हॉर्मोन देऊनही स्मरणशक्ती सुधारली नाही, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले.

आता काही शास्त्रज्ञांचे लक्ष वरच्या कड्यांकडे, म्हणजे वाढलेल्या एलएच व एफएसएचकडे वळले आहे. एफएसएचला अटकाव केल्यास अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांची स्मृती सुधारते, असे २०२२ साली दाखविण्यात आले. परंतु उंदरावरील प्रयोग आणि माणसावरील उपचार यांत मोठे अंतर असते, हे विसरून चालणार नाही.

अकाली शस्त्रक्रियेचा प्रश्न

या सर्व संशोधनातून आपल्या राज्याच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची ठरावी अशी एक बाब निष्पन्न झाली आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी रजोनिवृत्तीपूर्वीच बीजांडकोश काढलेल्या सुमारे दीड हजार स्त्रियांचा दीर्घकालीन अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. अशा स्त्रियांत उतारवयात बुद्धिमांद्य व स्मृतिभ्रंश यांचे प्रमाण अधिक आढळले आणि शस्त्रक्रियेच्या वेळचे वय जितके कमी, तितका धोका जास्त होता. गर्भाशय काढताना पुष्कळदा बीजांडकोशही काढले जातात. ते ठेवले तरी ते काही वर्षे लवकर निकामी होण्याचा संभव असतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न २०१९ साली राज्यापुढे आला. शासनाने नेमलेल्या समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढण्यात आल्याचे आढळले. म्हणजे साधारणपणे दर सहा स्त्रियांमागे एकीचे. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मजुरी बुडते, उलट मुकादमाला दंड भरावा लागतो, तोडीच्या ठिकाणी पाण्याची व न्हाणीची सोय नसते आणि पांढरे जाण्यासारख्या साध्या तक्रारीलाही 'पिशवी काढून टाका, नाहीतर कर्करोग होईल' अशी भीती घातली जाते, अशी कारणे त्या वेळी पुढे आली. तिशीतल्या स्त्रीवर झालेल्या अशा शस्त्रक्रियेचा परिणाम त्या हंगामापुरता राहत नाही. हाडांवर, हृदयावर आणि तीस वर्षांनंतर कदाचित तिच्या स्मृतीवरही तो उमटू शकतो. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने मार्गदर्शक सूचना काढल्या असून, त्यांचा अवलंब सर्व राज्यांनी करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

सर्वप्रथम, पिशवी काढण्याचा सल्ला मिळालेल्या चाळिशीच्या आतील स्त्रीने शासकीय रुग्णालयात दुसरे मत घेतल्याशिवाय शस्त्रक्रिया करू नये, हे ग्रामपंचायत सदस्य, आशा व अंगणवाडी कार्यकर्त्यांनी घरोघरी समजावून सांगणे आवश्यक आहे. बीजांडकोश ठेवणार की काढणार, हा प्रश्न प्रत्येक स्त्रीने डॉक्टरांना विचारलाच पाहिजे. कर्करोगासारख्या कारणांसाठी शस्त्रक्रिया अटळ असते, हेही त्याचबरोबर सांगावे. बीजांडकोश लवकर काढावे लागले असल्यास नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हॉर्मोन घ्यावे काय, याबाबत तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

दुसरे असे की, हॉर्मोने हे स्मृतिभ्रंशाच्या अनेक कारणांपैकी केवळ एक कारण होय. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे नमूद केली आहेत. अल्पशिक्षण, बहिरेपणा, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मद्यपान, व्यायामाचा अभाव आणि एकाकीपणा ही त्यांतील काही. यांचा पुरता बंदोबस्त झाला, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल, असा या आयोगाचा अंदाज आहे. मुलीला शाळेत टिकविणारा शिक्षक तिच्या सत्तरीतील स्मृतीचीही तरतूद करीत असतो, ही गोष्ट शिक्षकवर्गाने अभिमानाने ध्यानात ठेवावी. चाळिशीनंतर रक्तदाब व मधुमेह यांची नियमित तपासणी, मोतीबिंदूवर वेळीच उपचार आणि ऐकू कमी येणाऱ्यास श्रवणयंत्र या साध्या वाटणाऱ्या उपायांचे मोलही असेच मोठे आहे.

अखेर, ज्या घरात हा विकार आलेलाच आहे, तेथे रुग्णाला वेड लागले असे समजून त्याला कोंडून ठेवू नये किंवा त्याची थट्टा करू नये. त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात अवश्य न्यावे. थायरॉइडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव किंवा नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि ते उपचारांनी दूर होऊ शकते. 'टेलिमानस' या राष्ट्रीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मार्गदर्शन विनामूल्य मिळते. साठीनंतर बुद्धी नाठी होणे हा निसर्गनियम नाही. ती शाबूत राखण्याचे काम साठीच्या पुष्कळ आधी, आणि पुष्कळसे आपल्या गावातच, सुरू करावयाचे असते.