गाठ कठीण का होते?

स्तनातील गाठ तपासताना डॉक्टर प्रथम ती हाताने चाचपून पाहतात. कर्करोगाची गाठ पुष्कळदा दगडासारखी कठीण लागते. हा कठीणपणा म्हणजे रोगाचे केवळ लक्षण, असे आपण मानतो. परंतु तो रोगवाढीचे एक कारणही असतो, असे संशोधनातून दिसून आले आहे.

आपल्या पेशी कोलॅजन नावाच्या तंतूंच्या जाळ्यात बसलेल्या असतात. जखम झाली की शरीर नवे तंतू विणते आणि जखम भरली की थांबते. कर्करोगाच्या गाठीभोवती मात्र हे विणकाम चालूच राहते. तंतू एकमेकांस घट्ट सांधले जातात व भोवतालचा भाग ताठर होतो. अमेरिकेतील शास्त्रज्ञ व्हॅलेरी वीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की, मऊ थरावर स्तनाच्या पेशी नीट रचना करून राहतात. कठीण थरावर ती रचना बिघडते. २००९ मध्ये त्यांनी उंदरांमध्ये तंतूंचे हे सांधणे रोखले, तेव्हा रोगाची वाढ मंदावली. म्हणजे गाठ भोवताल कठीण करते आणि कठीण भोवताल गाठीला बळ देतो. प्रत्येक घटनेमागील कारण शोधा, ही तथागतांची दृष्टी येथेही उपयोगी पडते.

उपचारातही हा ताठरपणा आड येतो. गाठीतील दाबाने रक्तवाहिन्या चेपतात व औषध आत पोचत नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगात ही अडचण विशेष जाणवते. भारतात जन्मलेले बोस्टनचे शास्त्रज्ञ राकेश जैन यांनी यावर मोठे काम केले आहे. रक्तदाबावरील लोसार्टन हे औषध केमोथेरपीच्या जोडीने देऊन पाहिलेल्या ४९ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ते आशादायक आहेत. पण चाचणी लहान होती. म्हणून असे औषध कोणीही आपल्या मनाने घेऊ नये.

आपल्या हाती आज काय आहे? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून शहरातील झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने करीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासणी झालेल्या गटात पन्नाशीपुढील स्त्रियांचे स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

सर्वच गाठी कर्करोगाच्या नसतात. तरीही गाठ कठीण असो वा मऊ, दुखत नसली तरी, लेप लावत किंवा लाजेपोटी लपवत दिवस घालवू नयेत. विद्यार्थी मित्रांनी हा लेख आपल्या आई-बहिणींना, आजीला अवश्य वाचून दाखवावा, ही विनंती.