अल्प दाब आणि मोठा प्रवाह : घरगुती बॅटरी-इन्व्हर्टर संचाची सुरक्षित जोडणी

बोलीभाषेत ‘करंट’ हा शब्द पुष्कळदा धक्का या अर्थाने योजला जातो. ‘करंट बसला’ असे म्हणताना वक्त्याच्या मनात प्रवाहाचे परिमाण नसते. शरीराला बसलेला झटका तेवढा असतो. ज्याचा झटका बसत नाही ते निर्धोक, हा समज याच व्यवहारातून दृढ होतो. आणि सार्वजनिक वीजपुरवठ्यापासून दूर असलेल्या घरी बॅटरी व इन्व्हर्टर यांची जोडणी करताना तोच घातक ठरतो.

12 व्होल्ट बॅटरीच्या दोन्ही टोकांना कोरड्या हातांनी स्पर्श केला असता सहसा काहीच जाणवत नाही. कारण एवढ्या अल्प दाबाने त्वचेच्या रोधातून जाणारा प्रवाह नगण्य असतो. परंतु तीच टोके लोखंडी पान्याने जोडली गेल्यास मार्गात रोध जवळजवळ उरतच नाही. बॅटरीचा अंतर्गत रोध धरून तो एकंदर 0.006 ओहम मानला, तर ओहमच्या नियमानुसार 2000 अँपिअर प्रवाह वाहील. अशा वेळी धातू तापून वितळू शकतो. यास्तव काम करताना अंगठी, बांगडी व घड्याळ काढून ठेवावे आणि निरोधक वेष्टनाची हत्यारेच वापरावी.

नित्य वापरातही हाच न्याय लागू पडतो. 1000 वॉटच्या उपकरणास 230 व्होल्ट दाबाने सुमारे 4.3 अँपिअर प्रवाह पुरतो. इन्व्हर्टरची कार्यक्षमता 90 टक्के धरल्यास त्याच उपकरणासाठी 12 व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे 93 अँपिअर प्रवाह घ्यावा लागतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून एखाद्या सैल सांध्याचा रोध केवळ 0.01 ओहम असला, तरी तेथे सुमारे 86 वॉट उष्णता निर्माण होते. 48 व्होल्टच्या संचात तीच उष्णता सुमारे 5 वॉट इतकीच राहते. तात्पर्य, मोठ्या भारासाठी अधिक दाबाचा संच, जाड व आखूड वायरी आणि घट्ट आवळलेले सांधे आवश्यक होत.

फ्यूज हा मुख्यतः वायरीच्या रक्षणासाठी असतो, इन्व्हर्टरच्या नव्हे. त्याचे स्थान बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितके निकट असावे. कारण टोक व फ्यूज यांमधील वायर अरक्षितच राहते. त्याचे मूल्य नित्याच्या प्रवाहाहून अधिक, परंतु वायरीच्या वहनक्षमतेहून कमी असले पाहिजे. शिवाय तो एकदिश प्रवाहासाठीच बनविलेला हवा. 50 हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदास 100 वेळा शून्यावर येतो व ठिणगी विझण्यास अवसर देतो. एकदिश प्रवाहात असा क्षण येत नाही. म्हणून केवळ प्रत्यावर्ती प्रवाहासाठी असलेला एमसीबी येथे चालत नाही.

इन्व्हर्टरच्या दुसऱ्या बाजूस मात्र 230 व्होल्टचा प्राणघातक दाब असतो. तेथे भूसंपर्क, म्हणजेच अर्थिंग, आणि 30 मिलिअँपिअर गळतीस तुटणारा आरसीसीबी अवश्य हवा. न्यूट्रल व अर्थिंग यांचा दुवा निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे एकाच ठिकाणी असावा. तो मुळीच नसल्यास आरसीसीबी बसवूनही गळतीच्या वेळी तो तुटेलच असे नाही. हे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करवून घेणे श्रेयस्कर.

शिशाच्या बॅटरीतून भारणाच्या वेळी हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण 4 टक्के झाले की तो ज्वालाग्राही होतो. तो हवेहून हलका असल्याने खोलीच्या वरच्या भागी झरोका ठेवणे इष्ट, आणि ठिणगी पाडणारा इन्व्हर्टर बॅटरीच्या थेट वर बसविणे अनिष्ट.

सारांश, शरीराला बसणारा झटका हे विजेच्या धोक्याचे एक गमक होय, एकमेव नव्हे. दाब, प्रवाह आणि रोध या तीन संज्ञा बोलण्यात एकमेकींत मिसळल्या, तर विशेष बिघडत नाही. जोडणी करताना मात्र त्यांतील भेद विसरणे म्हणजे आगीस निमंत्रण देणे होय.