मोटारींचें बंदर आणि पडलेला पूल

मोटारी वाहून आणणाऱ्या जहाजास यारीची गरज पडत नाहीं. जहाजाचा उतार धक्क्यावर टेकतो, चालक आंत जातात आणि एकेक गाडी हांकीत बाहेर आणतात. खरी अडचण पुढेंच असते. उतरलेली गाडी ठेवावयास जागा नाहीं किंवा न्यावयास आगगाडी नाहीं, कीं धक्का भरून जातो आणि मागचें जहाज समुद्रांत खोळंबतें. जहाज एकाचें, धक्का दुसऱ्याचा, आगगाडी तिसऱ्याची. एकाची दिरंगाई सर्वांस भोंवते.

अमेरिकेंतील बाल्टिमोर हें असेंच बंदर. २०२३ सालीं तेथें सुमारें साडेआठ लाख गाड्यांची चढउतार झाली. २६ मार्च २०२४ रोजीं मध्यरात्र उलटल्यावर 'डाली' नांवाचें मालवाहू जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलें. पूल कोसळला, त्यावर काम करणारे सहा मजूर प्राणांस मुकले आणि बंदराची वाटच बुजली. सुदैवानें स्पॅरोज पॉइंट येथील खाजगी धक्का पुलाच्या बाहेर, समुद्राच्या अंगास होता. एके काळीं तेथें पोलादाचा कारखाना होता. त्या धक्क्यानें नेहमींच्या गिऱ्हाइकांखेरीज इतरांच्याहि गाड्या उतरवून घेतल्या. कांहीं जहाजें ब्रन्सविकसारख्या दूरच्या बंदरांकडे वळलीं.

जहाज वळवितां येतें. गोदी-कामगाराचें बिऱ्हाड कसें वळवावें? त्याची रोजीच बुडाली होती. मेरीलँड राज्यानें एप्रिलमध्यें त्याच्या साह्यासाठीं कायदा केला. जलमार्ग पूर्ण मोकळा होण्यास १० जून उजाडला.