एकमताने दिलेली हमी

1972 च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातल्या बायाबापड्या खडी फोडत होत्या, पाझर तलावाची माती डोक्यावर वाहत होत्या. मिलोच्या भाकरीवर आणि सुकडीवर दिवस निघत होते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 'मागेल त्याला काम' हा आग्रह धरला तो याच काळात.

पण हमी द्यायची तर पैसा हवा. 1975 मध्ये विधिमंडळाने व्यवसाय कराचा कायदा केला. पगारदाराने मजुराच्या कामाचा भार उचलायचा आणि कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरले. पुढे रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला. तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितल्यापासून 15 दिवसांत मिळाले नाही, तर बेकारी भत्ता देणे सरकारवर बंधनकारक झाले. 2005 मध्ये ग्रामीण रोजगार हमीचा कायदा करून देशानेही हीच वाट धरली. व्यवसाय कर मात्र आजही पगारातून कापला जातो: दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300.

एकमताचा तो प्रसंग विरळाच. एरवी खात्यांच्या अनुदान मागण्या आवाजी मतदानाने मंजूर होतात. ठरलेले दिवस संपले की उरलेल्या मागण्या चर्चेविनाच मताला टाकतात. कोणत्या आमदाराने कोणत्या बाजूने मत दिले, याची नोंद राहत नाही.

रोजगार हमीसारखा कायदा ऊसतोड मजुरांच्या वाट्याला मात्र आला नाही. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', कारखान्यावर निघते. 2019 मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले, की तीन वर्षांत बीड जिल्ह्यात 4,605 स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. त्यात कोयत्यावर जाणाऱ्या बायका किती, हा प्रश्न राज्यभर गाजला, चौकशी समिती नेमली गेली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ प्रत्यक्ष उभे राहायलाही बरीच वर्षे गेली. त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये आणि तेवढाच सरकारचा वाटा ठरला. सूत्र जुनेच, पागे यांच्या काळातले. फरक एवढाच की रोजगार हमीला कायद्याचा कणा होता. महामंडळ शासन निर्णयावर उभे आहे, आणि निर्णय सरकारबरोबर बदलू शकतो.

या पन्नास वर्षांचा धडा स्पष्ट आहे. घोषणेने मजुराचे पोट भरत नाही. पैसा कुठून येणार हे कायद्यात लिहिले, तरच हमी टिकते. म्हणून बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, धारूर, केजच्या मतदारांनी पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या आमदाराला विचारावे: ऊसतोड मजुरांच्या निधीला कायद्याचे बळ देण्यासाठी सभागृहात तुम्ही उभे राहणार का?