नळ मोजावा की पाणी?

खारे पाणी म्हटले की मुंबईकराला समुद्र आठवतो. आमच्या वऱ्हाडात समुद्र नाही. पण पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत, भलामोठा खारपाणपट्टा पसरला आहे. विहीर खणली तर पाणी लागते, मात्र त्यात तुरीची डाळ धड शिजत नाही आणि पिऊन तहान भागत नाही. म्हणून गोडे पाणी दुरून आणावे लागते. दर्यापूर-अंजनगावकडे शहानूर धरणाचे, अकोटकडे वान धरणाचे. एकेका योजनेवर कितीतरी खेडी आणि नळमार्ग लांबलचक! वाटेतली गावे भरून उरेल ते शेवटच्या गावाला.

उद्घाटनाला नारळ फुटतो, धार उडते, फोटो निघतो, आणि कागदोपत्री गावाचा पाणीप्रश्न सुटतो. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी असा हिशेब धरला. यातले नळ मोजणे सोपे. लिटर कोण मोजणार?

पाणी शुद्ध आहे का, हे पाहण्याची रीत मात्र आपल्याकडे चांगली आहे. गावचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो. मग नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळी झाक आली, तर क्लोरीन शिल्लक आहे. ही परीक्षा टाकीखालच्या घरी नव्हे, अगदी शेवटच्या घरी घ्यावी, तरच तिला अर्थ. वर्षातून दोनदा पाहणी होऊन गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. टीसीएलने जंतू मरतात, खारेपणा मात्र जात नाही, हे शहरातल्या पाहुण्यांना सांगावे लागते.

स्वच्छतेचेही तेच. शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. तपासणी, गुण, बक्षीस! गावे झाडून निघाली, हे खरेच. पण समिती येते एक दिवस, आणि संडासाला पाणी लागते रोज. नळ कोरडा असला की त्या खोलीत सरपण रचले जाते.

पूर्णाकाठच्या एका गावी, एका घरच्या कॅलेंडरवर मी दुधाच्या रतिबाच्या खुणांशेजारी निळ्या फुल्या पाहिल्या. बाई म्हणाल्या, "नळ त आला भाऊ, पानी याचं रायलं! ज्या दिवशी आलं, त्या दिवशी फुली." महिन्यात फुल्या होत्या नऊ. ग्रामसभेत पाणीपट्टीचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी ते कॅलेंडर खिळ्यावरून काढून सरळ सभेत नेले. कोणी हसले, कोणी कुरकुरले. ग्रामसेवकांनी मात्र फुल्या मोजून वहीत उतरवून घेतल्या आणि शेवटच्या आळीतल्या आणखी दोन घरची कॅलेंडरे मागवली.